कोट, कादंब आणि कोरडेपणाचा प्रश्न

पाणपक्ष्यांची किनाऱ्यावरची शिकार हा ब्रिटनमधला एक जुना, कायदेशीर आणि अत्यंत ओला छंद असून, त्याच्या अभ्यासकाने आरंभीच हे लक्षात घेणे इष्ट ठरते, की या छंदात पक्षी मिळणे ही केवळ शक्यता असते आणि भिजणे ही मात्र खात्री असते. शिकारीचे पक्षी म्हणजे निरनिराळ्या जातींची बदके आणि कादंब; कादंब म्हणजे बदकाहून मोठा, लांब मानेचा, करड्या-तपकिरी अंगाचा आणि थव्याने ओरडत उडणारा पक्षी, ज्याची गुलाबी पायांची एक जात शरद ऋतूत आइसलँड आणि ग्रीनलँडहून निघून ब्रिटनच्या खाड्यांमध्ये मुक्कामाला येते. शिकारीची जागा म्हणजे भरतीची वरची रेषा आणि ओहोटीची खालची रेषा यांच्यामधला पट्टा, जो कोकणातल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर खाजण म्हटल्याबरोबर उभा राहील. फरक इतकाच, की तिथे तिवरे नाहीत, आडोसा नाही, आणि पाणी इतके गार असते की त्यात हात घालणाऱ्याला आपली बोटे जागेवर आहेत की नाहीत हे थोड्या वेळाने बघूनच ठरवावे लागते. लिंकनशर आणि नॉरफोक यांच्यामधला वॉश नावाचा उपसागर, इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरची सॉलवे खाडी आणि हंबर नदीचे मुख ही या छंदाची तीर्थक्षेत्रे मानली जातात. यांपैकी वॉशच्या चिखलात १२१६ साली इंग्लंडच्या जॉन राजाचा सामानसुमानाचा तांडा भरतीने गिळला, आणि त्यातल्या जडजवाहिराची चर्चा आजतागायत चालू असली तरी, त्या दिवशी किती जणांचे कपडे ओले झाले याकडे इतिहासकारांनी अजिबात लक्ष पुरवलेले नाही.

इंग्लंडमध्ये हा हंगाम १ सप्टेंबरला सुरू होतो आणि आतल्या मुलखात ३१ जानेवारीला संपतो. भरतीरेषेच्या खाली मात्र कायद्याने २० फेब्रुवारीपर्यंत मुभा दिलेली आहे, म्हणजे ज्या वीस दिवसांत शहाणा माणूस शेकोटीपासून हलत नाही ते वीस दिवस सरकारने या मंडळींसाठी खास राखून ठेवले आहेत. हवामानाशी या छंदाचे नाते इतर छंदांच्या नेमके उलटे असते. कादंब रात्र चिखलपट्ट्यांवर काढतात आणि पहाटे आतल्या शेतांत, विशेषतः नॉरफोकमध्ये साखरेच्या बिटाची काढणी झाल्यावर उरलेला पाला आणि तुकडे खाण्यासाठी, उडत जातात. बदकांची बहुधा उलटी पाळी असते, ती रात्री चरतात आणि दिवसा पाण्यावर डुलक्या घेतात. या पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या उड्डाणांच्या वाटेवर शिकारी दबा धरून बसतो. स्वच्छ, निवांत पहाटे पक्षी इतक्या उंचावरून जातात, की साधारण चाळीस मीटरपर्यंत उपयोगी पडणाऱ्या छऱ्याच्या बंदुकीने त्यांना नमस्कार करण्यापलीकडे काही साधत नाही. समोरून वादळी वारा आणि आडवा पाऊस असला तरच ते नाइलाजाने खाली येतात. त्यामुळे घराबाहेर पडू नका असा इशारा हवामान खात्याने दिला, की हा मनुष्य पहाटे साडेतीनचा गजर लावतो. पावसाळी कोट ही इतरांच्या बाबतीत वेळप्रसंगी लागणारी वस्तू असते. याच्या बाबतीत कोट लागत नसेल तर घरी परतावे हे उत्तम.

असा कोट निवडण्याच्या प्रश्नावर पिढ्यान्‌पिढ्या जो काथ्याकूट झालेला आहे, त्यातून एक सिद्धान्त निर्विवादपणे निघतो: कोरडे ठेवणारा कोट अस्तित्वात नाही, भिन्न भिन्न कोट माणसाला भिन्न भिन्न मार्गांनी भिजवतात, आणि आपण कोणत्या मार्गाने भिजावे एवढेच स्वातंत्र्य ग्राहकाला असते. दुकानदार हा सिद्धान्त मान्य करत नाहीत, पण दुकानात पाऊस पडत नसल्यामुळे त्यांचे मत पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही.

पाणी आत शिरण्याच्या मार्गांत गळा हा सर्वांत प्रसिद्ध असला तरी सर्वांत खट्याळ मार्ग बाहीचा आहे. जगातला प्रत्येक रेनकोट या गृहीतकावर शिवलेला असतो, की तो घालणारा माणूस हात खाली सोडून चालेल, आणि बाहीवरचे पाणी मनगटावरून ओघळून जमिनीवर पडेल. पाणपक्ष्यांचा शिकारी नेमक्या मोक्याच्या क्षणी दोन्ही हात आकाशाकडे उंचावतो, कारण पक्षी तिकडेच असतात. त्यासरशी बाहीची तोंडे वर होतात आणि बंदुकीच्या नळीवर, हातमोज्यांवर, मनगटावर साठलेले सगळे पाणी शिस्तीने कोपराकडे आणि कोपराकडून काखेकडे प्रस्थान करते. नेम चुकण्याची जी कारणे क्लबात सांगितली जातात त्यांत वारा, अंधार, काडतूस आणि कुत्रा यांचा उल्लेख आवर्जून होतो. नेम धरताना काखेत पोहोचलेल्या बर्फगार ओघळाचा होत नाही, यात मानवी स्वाभिमानाचा भाग असावा. उपाय म्हणून बाहीच्या आत एक दुसरी, लवचीक तोंडाची आतली बाही बसवतात. ती घट्ट असली तर हात बधिर होतो आणि सैल असली तर पाणी जाते, आणि दोन्हींच्या मधली जी योग्य घट्टाई ती पहिल्या धुण्यापर्यंतच टिकते.

दुसरा प्रश्न कोटाच्या लांबीचा. खाजणातून चालताना शिकारी रबरी बूट घालतो, जे कधी मांडीपर्यंत येणारे असतात, तर कधी थेट छातीपर्यंत येणारी, खाली बूट जोडलेली अखंड पाटलोण असते, जिला वेडर म्हणतात. मांडीपर्यंतच्या बुटांवर आखूड कोट घातला, तर कोटाच्या घेरावरून गळणारे पाणी मोजून मापून बुटांच्या उघड्या तोंडांतच पडते. कोट आणि बूट यांची रचना एकाच अभियंत्याने केली असती तर याहून अचूक पन्हळ त्याला साधली नसती. म्हणून लांब कोट घ्यावा, तर ओहळ ओलांडताना त्याचा घेर पाण्यावर तरंगू लागतो, पाणी शोषून घेतो, आणि पलीकडच्या काठावर चढताना अंगाला चिखलासकट लपेटतो. छातीपर्यंतच्या वेडरवर कमरेइतकाच कोट पुरतो हे खरे. पण मग कोट वेडरच्या आत खोचावा की बाहेर ठेवावा असा तात्त्विक प्रश्न उपस्थित होतो. आत खोचल्यास पाठीवरचा सगळा पाऊस वेडरमध्ये जमा होतो आणि तो बाहेर काढण्यासाठी घरी जाऊन उलटे व्हावे लागते. बाहेर ठेवल्यास चिखलात बसल्याबरोबर कोटाचा मागचा भाग अंगाखाली येतो आणि उठताना तिथेच राहू पाहतो. दोन्ही पंथांचे अनुयायी एकमेकांकडे ज्या करुणेने पाहतात ती धर्मशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित असेल.

टोपडे हा विषय थोडक्यात आटोपता येतो. कोटाला टोपडे असले तर पाऊस डोक्यावर पडत नाही. मात्र कादंबांचा थवा दिसण्याच्या कितीतरी आधी ऐकू येतो आणि टोपड्यात फक्त टोपडेच ऐकू येते. शिवाय मान वळवली तरी टोपडे वळत नाही, त्यामुळे ऐन वेळी शिकाऱ्याला टोपड्याच्या अस्तराचे जवळून दर्शन घडते.

वस्त्राच्या इतिहासाकडे वळले असता असे दिसते, की पाण्यापासून बचावाची पहिली युक्ती समुद्रावरच्या लोकांनी काढली. ओले शीड जड होते पण वारा चांगला धरते, हे पाहून स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर शिडाच्या कापडाला जवसाचे तेल पाजण्याची पद्धत पडली आणि त्या तेलकट कापडाचेच कोट खलाशी घालू लागले. हे कोट थंडीत कडक होत आणि काळ लोटला की पिवळे पडत. १८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने, गॅसच्या कारखान्यांत उरणाऱ्या डांबरापासून मिळणाऱ्या नाफ्थ्यात रबर विरघळवून, ते दोन कापडांच्या मध्ये चिकटवण्याचे पेटंट घेतले. हे दुपदरी कापड खरोखरच पाणी रोखत होते. पण शिंप्याने ते शिवायला घेतले, की सुईच्या प्रत्येक टोचणीबरोबर त्यात एकेक भोक पडे आणि पाऊस त्या भोकांतून, मोजून टाके घातल्यासारखा, आत येई. त्यातच हे रबर थंडीत ताठ आणि उन्हात चिकट होई, आणि वासाबद्दल तर बोलायची सोय नव्हती. १८४३ मध्ये थॉमस हँकॉकने रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याच्या प्रक्रियेचे ब्रिटिश पेटंट घेतल्यावर ताठपणा आणि चिकटपणा गेला. शिवणीतली भोके मात्र राहिली, आणि आज दोन शतकांनंतरही महागड्या कोटाच्या शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे की नाही हे पाहणे, हेच जाणत्या ग्राहकाचे लक्षण समजले जाते.

या छंदाचा आद्य आचार्य म्हणजे कर्नल पीटर हॉकर, ज्याने १८१४ साली तरुण शिकाऱ्यांसाठी मार्गदर्शनपर ग्रंथ प्रसिद्ध केला. स्पेनमधल्या तालाव्हेराच्या लढाईत १८०९ साली मांडीला गोळी लागून सैन्यातून बाहेर पडलेल्या या गृहस्थाने पुढची कित्येक दशके दक्षिण किनाऱ्यावरच्या कीहेवनच्या चिखलात, सपाट होडीत पालथे पडून काढली. मॅकिंटॉशचे कापड निघाले तेव्हा त्याचा ग्रंथ नऊ वर्षांचा झाला होता. म्हणजे जलरोधक कोटाशिवाय ही शिकार उत्तम रीतीने करता येते, याचा लेखी पुरावा कोटाच्या आधीपासून उपलब्ध आहे. दुकानदार तो दाखवत नाहीत.

विसाव्या शतकात राज्य केले ते मेणकापडाच्या कोटाने. घट्ट विणीच्या सुती कापडात मेणाचे मिश्रण मुरवून केलेला हा कोट जवसाच्या तेलासारखा पिवळा पडत नाही, फारसा ताठरत नाही, आणि त्याचा मोठा गुण म्हणजे तो हलताना बोलत नाही. टाइन नदीच्या मुखाशी साउथ शील्ड्स या बंदरात जॉन बार्बरने १८९४ साली खलाशी, कोळी आणि गोदी कामगार यांना तेलकापडाचे कपडे विकण्यासाठी जे दुकान काढले, त्याच घराण्याने १९८३ साली बोफर्ट नावाचा शिकारी कोट बाजारात आणला, ज्याच्या पाठीत, मारलेले पक्षी ठेवण्यासाठी, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक प्रशस्त खिसा आहे. राजघराण्याची नेमणूकपत्रे १९७४, १९८२ आणि १९८७ अशी ओळीने लाभल्यावर हा कोट लंडनमध्ये मोटारीपासून दुकानापर्यंत जाणाऱ्या मंडळींच्या अंगावर दिसू लागला, आणि रक्त सहज पुसता यावे म्हणून अस्तर लावलेल्या त्या खिशात सायंकाळचे वर्तमानपत्र विसावू लागले. यामुळे खऱ्या शिकाऱ्यांची एक अडचण झाली. नवा कोट घातला की तो नवखा किंवा शहरी वाटू लागतो, म्हणून कोट विकत घेतल्यावर पहिले काम तो जुना करण्याचे होऊन बसते. काही जण त्यावर कुत्र्याला झोपवतात.

मेणकापडाच्या संगोपनाचे नियम कडक आहेत. हा कोट यंत्रात धुवायचा नाही, साबण लावायचा नाही, गरम पाण्याजवळ न्यायचा नाही. गार पाण्याच्या स्पंजाने पुसायचा, आणि वर्षातून एकदा मेणाचा डबा उकळत्या पाण्यात ठेवून, पातळ झालेले मेण फडक्याने घोटायचे, विशेषतः शिवणींवर आणि कोपरांच्या घड्यांवर, कारण पाणी तिथूनच यायचे असते. हे काम स्वयंपाकघरात करण्यास घरातून विरोध होतो. शेवटी केस वाळवण्याच्या यंत्राची झळ देऊन मेण कापडात मुरवावे लागते, आणि त्या यंत्राला नंतर जो वास येतो तो केसांनाही येतो, ही बाब ज्याचे केस असतात त्याच्या आधी लक्षात येते. कोट ओला असला की जड, वाळला की चिकट, आणि मोटारीच्या आसनावर बसला की आपली आठवण ठेवून जाणारा. म्हणून त्याची कायमची जागा घराबाहेरच्या पडवीत, कुत्र्याच्या पट्ट्याशेजारी असते. पाच-सहा तासांच्या संततधारेत मेणकापड खांद्यांवर हार पत्करते हे त्याचे पुरस्कर्तेही खाजगीत कबूल करतात, मात्र त्या पाण्याला ते ‘गळणे’ म्हणत नाहीत, ‘किंचित दमटपणा’ म्हणतात.

मेणाच्या या साम्राज्याला धक्का बसला तो एका माणसाच्या रागामुळे. १९६९ साली अमेरिकेत डेलावेअरमध्ये बॉब गोर हा रसायनतज्ज्ञ टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणून पाहत होता आणि त्या दर वेळी तुटत होत्या. वैतागून त्याने एका कांडीला जोराचा हिसडा दिला, तेव्हा ती न तुटता कितीतरी पट लांब झाली आणि तिच्यात सूक्ष्म छिद्रांचे जाळे तयार झाले. ही छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पट लहान, पण वाफेच्या रेणूपेक्षा शेकडो पट मोठी असतात, म्हणजे पाऊस आत येत नाही आणि घामाची वाफ बाहेर जाते, हे गोर-टेक्स या नावाने सत्तरच्या दशकात बाजारात आलेल्या पापुद्र्याचे तत्त्व. तत्त्व खरे आहे. व्यवहारात मात्र त्याची गाठ पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्याशी पडते, जो पहाटेच्या अंधारात वेडर, बंदूक, काडतुसे, थर्मास आणि पिशवीभर प्लास्टिकची खोटी बदके घेऊन दीड-दोन किलोमीटर चिखल तुडवतो, त्यात घामाघूम होतो, आणि मग एका ओहळाच्या काठाशी दोन तास दगडासारखा बसून त्याच घामात गारठतो. वाफ बाहेर जाण्यासाठी आत ऊब आणि बाहेर कोरडी हवा लागते. आत थंडगार माणूस आणि बाहेर शंभर टक्के आर्द्रता अशी स्थिती असली, की वाफेला कुठेही जाण्याचे कारण उरत नाही. त्यातच कोटाच्या बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप झिजला, की ते कापड पाणी पिऊन बसते, छिद्रांची वाट बंद होते आणि आतला माणूस स्वतःच्याच घामाने भिजतो. तो कोट घेऊन दुकानात तक्रार करायला जातो, आणि दुकानदार त्याला शास्त्रीय भाषेत समजावून सांगतो, की कोट गळत नाही, आपण गळता.

या प्रसंगी आकडे पुढे केले जातात. कोटाच्या चिठ्ठीवर दहा हजार किंवा वीस हजार मिलिमीटर असे जे लिहिलेले असते, ती पाण्याच्या स्तंभाची उंची असते: प्रयोगशाळेत कापडाचा तुकडा कडीत आवळून त्यावर एका बाजूने पाण्याचा दाब वाढवत नेतात, आणि दुसऱ्या बाजूला तीन ठिकाणी थेंब उमटले की थांबून तो दाब नोंदवतात. दहा हजार मिलिमीटर म्हणजे दहा मीटर उंचीचा पाण्याचा खांब, आणि असा खांब डोक्यावर घेऊन कोणीही शिकारीला जात नाही, हे खरे. तथापि प्रयोगशाळेतल्या तुकड्याला गळा नसतो, बाही नसते, चेन नसते, खांद्यावर बंदुकीचा पट्टा घासत नसतो, आणि तो चिखलात गुडघे टेकत नसतो. ज्या चार-पाच जागी कोट प्रत्यक्षात गळतो त्या वगळून बाकीच्या कोटाची परीक्षा घ्यायची, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. वाफ बाहेर जाण्याचा प्रश्न कोकणातल्या इरल्याने फार पूर्वीच सोडवला होता, हे येथे नमूद करायला हरकत नाही: बांबूच्या कामट्यांवर पाने घालून केलेले ते पाठीवरचे छप्पर खालून सताड उघडे असते, त्यामुळे भाताची लावणी करणाऱ्या बाईला पाऊस लागत नाही आणि वाराही मिळतो. इरले घालून बंदूक वर धरता येत नाही, एवढाच त्यातला दोष. पण भाताची रोपे डोक्यावरून उडत जात नाहीत.

पापुद्र्याच्या कोटाविरुद्धचा दुसरा आक्षेप आवाजाचा आहे आणि तो गंभीर आहे. या कोटांचे बाहेरचे कापड बहुधा नायलॉनचे असते, आणि निवांत पहाटे नायलॉनची बाही नायलॉनच्या बरगडीवर घासली, की होणारा खसखसाट पलीकडच्या ओहळातल्या बदकांपर्यंत जातो. खिशावर वेल्क्रोची पट्टी असली तर पाहायलाच नको. काडतूस काढण्यासाठी ती उघडल्याचा आवाज म्हणजे पक्ष्यांना दिलेली रीतसर पूर्वसूचना होय. मुका आणि तरीही जलरोधक असा एक तिसरा पर्याय युद्धाने दिला होता. समुद्रात कोसळलेल्या वैमानिकांना गारठून मरण्यापासून थोडी उसंत मिळावी म्हणून मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये, लांब धाग्याच्या कापसापासून, व्हेंटाइल नावाचे अतिघट्ट विणीचे कापड तयार झाले; ओले झाले की त्याचे धागे फुगतात आणि विणीतल्या फटी आपोआप बुजतात. लेप नाही, मेण नाही, आवाज नाही. मात्र फटी बुजण्यासाठी कापड आधी भिजावे लागते, आणि भिजल्यावर ते असे ताठ होते की बसलेल्या माणसाला उठल्यावरही बसल्यासारखेच चालावे लागते.

रंगाच्या बाबतीत अलीकडे एक मजेशीर घोळ झालेला दिसतो. अमेरिकेत १९८६ च्या सुमारास रिअलट्री आणि मॉसी ओक या नावांनी झाडांच्या साली, फांद्या आणि पाने हुबेहूब छापलेले कापड निघाले, जे ओकच्या जंगलात हरणांची वाट पाहणाऱ्यांसाठी उत्तम होते. पुढे पाणवठ्यांसाठी लव्हाळ्याचे नमुनेही निघाले. पण विक्रीच्या ओघात जंगलाचा नमुनाही वॉशच्या किनाऱ्यावर पोहोचला, जिथे क्षितिजापर्यंत एकही झाड नाही. सपाट, राखाडी चिखलात एकटेच उभे असलेले, धापा टाकणारे ओकचे झाड पाहून कादंबांना काय वाटत असेल ते असो. ते वळून जातात एवढे निश्चित. जुन्या शिकाऱ्यांचा कोट चिखलाच्या रंगाचा असतो, आणि तो रंग त्यांना विकत घ्यावा लागत नाही. खिशांबद्दल इतकेच सांगणे पुरे, की पूर्वी काडतुसांची वेष्टने कागदी असत आणि ओली झाली की फुगून बंदुकीत जाईनात, त्यामुळे खिशावरची झडप हा जीवनमरणाचा प्रश्न होता, निदान पक्ष्यांच्या दृष्टीने. प्लास्टिकच्या वेष्टनांनी तो प्रश्न मिटवला. आता झडपेच्या आत सँडविच भिजते.

सगळ्या प्रकरणातली खरी बोच वेगळीच आहे. पहाटेच्या त्या पावसात खाजणावर तीन प्राणी हजर असतात, आणि त्यांपैकी दोघांना कोटाची अडचण नसते. कुत्रा बहुधा लॅब्राडोर असतो. या जातीचे पूर्वज न्यू फाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर पाण्यात राबणारे कुत्रे होते, आणि माम्सबरीच्या उमरावाने एकोणिसाव्या शतकात ते इंग्लंडमध्ये आणले ते पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठीच. आतला लोकरीसारखा थर आणि बाहेरचे तेलकट, आखूड केस अशी त्याची जन्मजात दुपदरी व्यवस्था असते, जिच्यावरचे सगळे पाणी तो एका झटक्यात, मालकाच्या अगदी शेजारी उभा राहून, काढून टाकतो. बदकाची तयारी तर त्याहून सरस. शेपटीच्या बुडाशी असलेल्या तैलग्रंथीतले तेल ते चोचीने पिसांना लावत असते, आणि पिसांचे बारीक तंतू सूक्ष्म आकड्यांनी एकमेकांत इतके घट्ट अडकलेले असतात, की पाणी वरच्या वर घरंगळते आणि आत कोरड्या हवेचा थर कायम राहतो. आवाज नाही, वास नाही, शिवण नाही. ज्याच्या पाठीची नक्कल करण्यात रसायनशास्त्राची दोन शतके गेली त्यालाच मारण्यासाठी ती नक्कल अंगावर चढवून बसायचे, यातला विपर्यास शिकाऱ्यांच्या ध्यानात येत नाही असे नाही. पण त्या वेळी ते काखेतल्या पाण्याने गुंतलेले असतात. उद्योगधंद्यांना मात्र ही बाब लवकर उमगली: कलकत्त्यात १९२० साली सुरू झालेल्या बंगाल वॉटरप्रूफ या कारखान्याने आपल्या मालाला डकबॅक हेच नाव दिले, आणि त्या नावाचे रेनकोट अंगावर घेऊन महाराष्ट्रातल्याही कित्येक मुलांनी जून महिन्यातली शाळा गाठली.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध तेवढ्यावरच बहुतेक संपतो, कारण इथे बदक आणि पाऊस यांची गाठ पडत नाही. इंग्लंडमध्ये दिसणारी तलवार बदके आणि चक्रांग या जाती नांदूर मधमेश्वरला आणि उजनीच्या फुगवट्यावरही येतात, पण पावसाळा आवरून, आकाश स्वच्छ झाल्यावर येतात, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्यांच्यावर फक्त कॅमेरे रोखले जातात. साहेबाच्या राज्यातही भारतातली बदकांची शिकार कोरडीच होती: राजस्थानातल्या भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पाहुणचारात एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले, तेही उन्हात. किनाऱ्यावरचा इंग्रज शिकारी असल्या मेजवानीकडे तुच्छतेने पाहतो. त्याच्या नीतिशास्त्रात पक्ष्यांची संख्या गौण, आणि सोसलेली थंडी प्रधान असते. रिकाम्या हाताने परतणे हा तिथे अपवाद नसून रिवाज आहे, आणि कोरड्या अंगाने परतलेल्या माणसाकडे जरा संशयानेच पाहिले जाते. दक्षिण ध्रुवावरून परतताना गारठून मेलेल्या कॅप्टन स्कॉटचा मुलगा पीटर स्कॉट हा तरुणपणी वॉशच्या परिसरातला असाच नामांकित शिकारी होता. त्याने पुढे बंदूक खाली ठेवली आणि १९४६ साली सेव्हर्न नदीकाठी स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांच्या संरक्षणासाठी संस्था काढली. तिथे पक्षी पाहण्यासाठी काचेच्या खिडक्या असलेल्या, छप्पर घातलेल्या खोल्या आहेत, आणि कोटाच्या प्रश्नावर आजवर सुचलेले सर्वांत समाधानकारक उत्तर म्हणून त्यांचा निर्देश करावा लागेल.

ज्यांना हे उत्तर पसंत नाही त्यांची वाटचाल साधारण ठरलेली असते. पहिला कोट स्वस्त असतो आणि काटेरी तारेवर फाटतो. दुसरा मेणाचा असतो आणि संसारात कलह माजवतो. तिसरा पापुद्र्याचा, इतका महाग असतो की त्या किमतीत खाटकाकडून कित्येक वर्षे पुरतील इतकी सोललेली बदके मिळाली असती, आणि त्याची किंमत घरी सांगताना एक शून्य गाळले जाते. एवढा मोलाचा कोट तारेत अडकू नये, चिखलाने माखू नये आणि बंदुकीच्या पट्ट्याने झिजू नये, या काळजीपोटी त्याचा मालक त्यावरून जुना मेणाचा कोट चढवतो, ज्यातून वाफ तर सोडाच, वासही बाहेर पडत नाही. मग तो दोन्ही कोटांसह भरतीचे वेळापत्रक खिशात घालून निघतो आणि बांधापर्यंत पोहोचण्याआधीच आतून चिंब होतो. पुढच्या हंगामात बाहेरच्या कोटावर घालता येईल असा तिसरा, एक माप मोठा कोट मिळतो का, याची चौकशी त्याने दुकानात करून ठेवलेली असते.